पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : उपचार मिळालेल्या बायका मोजा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे सरकारी धोरण आणि कोकणपट्टीतील स्थिती

मी देवगड आणि मालवण या तालुक्यांतील उपकेंद्रांवर तीस वर्षांहून अधिक काळ आरोग्य सेविका म्हणून काम करून निवृत्त झाले. १ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्यास सरकार प्रोत्साहन देईल असे सांगितले, तेव्हापासून या आजाराविषयी बोलले जाते ते जवळजवळ सगळे लसीविषयीच असते. लस चांगली आहे, ती आपल्याच राज्यात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते, आणि ज्या पालकांच्या मनात अजून शंका असेल त्यांनी ती दूर करून मुलींना लस द्यावी, असे मी मनापासून सांगते. परंतु विषाणूचा संसर्ग होण्याआधी दिली तरच या लसीचा पूर्ण उपयोग होतो. शरीरात आधीच मुरलेला संसर्ग ती बरा करत नाही. आज चाळिशीत किंवा पन्नाशीत असलेली बाई, जिच्या मुलीला ही लस मिळेल, तिच्यासाठी वेळेवर तपासणी आणि तपासणीत काही दिसले तर वेळेवर उपचार एवढाच मार्ग उरतो. त्या मार्गाची आपल्याकडे काय अवस्था आहे, याबद्दल हे पत्र आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हे मृत्यू अटळ नसतात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या काही प्रकारांमुळे हा आजार होतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदलाचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. इतका दीर्घ अवधी देणारे कर्करोग फार थोडे आहेत. या काळात बदललेल्या पेशी सापडल्या, तर पिशवी न काढता, रुग्णालयात दाखल न होता, काही मिनिटांच्या उपचारात त्या नष्ट करता येतात. म्हणून या आजाराने बाई मेली की मला ते आमच्या खात्याचे अपयश वाटत आले आहे.

धोरण नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१६ साली केंद्र सरकारने तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग शोधण्यासाठी मार्गदर्शक चौकट ठरवून दिली. तीनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. आशाताईंनी घरोघरी जाऊन ३० वर्षांवरील प्रत्येकाचा जोखीम तपासणीचा फॉर्म भरायचा, आणि स्त्रियांना जवळच्या आरोग्य केंद्रात बोलावून त्यांची व्हीआयए चाचणी करायची, अशी ही रचना आहे. असे असताना २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या ज्या स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतली होती, त्यांचे देशभरातील प्रमाण अवघे १.९ टक्के निघाले. शंभरातल्या दोघीसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलेले २०३० चे उद्दिष्ट सत्तर टक्क्यांचे आहे.

व्हीआयए म्हणजे काय, हे वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बाईला टेबलावर निजवून, स्पेक्युलम लावून पिशवीचे तोंड डोळ्यांना दिसेल असे करायचे, त्यावर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे सौम्य द्रावण, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरसारखेच द्रावण, कापसाने लावायचे आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. चाचणी स्वस्त आहे, निकाल लगेच कळतो. कागदावर वाचताना उपकेंद्रासाठी यापेक्षा सोयीची चाचणी असूच शकत नाही, असे वाटते.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मला या चाचणीचे प्रशिक्षण मिळाले आणि ती मी केलीही. त्यासाठी स्वतंत्र खोली लागते, दाराला आतून कडी लागते, चांगला उजेड लागतो, प्रत्येक बाईसाठी उकळून निर्जंतुक केलेले स्पेक्युलम लागते. माझ्या उपकेंद्रात टेबल होते, पण ते लसीकरणाच्या खोलीत खिडकीजवळ होते, आणि खिडकीबाहेरच्या पडवीत बाळांना घेऊन आलेले लोक बसलेले असत. पावसाळ्यात वीज गेली की मी एका हातात बॅटरी धरून तपासत असे. काही ठिकाणी आता समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तरुण पुरुष आहेत. ते मनापासून काम करतात, पण गावातली बाई त्यांच्याकडे ताप दाखवायला जाईल, या तपासणीला जाणार नाही, आणि त्यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. शिवाय ज्या बाईला काही त्रासच होत नाही, ती विचारते, "माका काय झाला नाय, मगे तपासणी कित्याक?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते निवांत बसून द्यावे लागते, आणि लसीकरण, बाळंतिणी, क्षयरोगाचे रुग्ण, मलेरियाचे रक्तनमुने आणि मोबाइलमधील निरनिराळी अ‍ॅप यांतून तेवढा वेळ काढणे सेविकेला जमत नाही.

तरीही अडचण केवळ खोलीची आणि वेळेची असती, तर मी हे पत्र लिहिले नसते. या चाचणीविषयी सर्वांत मोलाचे ज्ञान जगाला आपल्या महाराष्ट्रानेच दिले आहे, आणि आपले धोरण त्या ज्ञानाशी जुळत नाही, हे माझे मुख्य दुखणे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत एका गटाची एचपीव्ही चाचणी, एका गटाची पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि एका गटाची व्हीआयए एकदाच करण्यात आली, तर चौथा गट नेहमीच्या सेवेवर ठेवण्यात आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट झाली नाही. दुसरा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केला. तेथे शालेय शिक्षण झालेल्या कार्यकर्त्यांनी व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ साली जाहीर झाले. व्हीआयएच्या बाजूने नेहमी याच अभ्यासाचा दाखला दिला जातो. पण तेथे तपासणी दर दोन वर्षांनी, पुन्हा पुन्हा झाली होती, कार्यकर्त्यांचे काम सतत तपासले जात होते, आणि डाग दिसलेल्या बाईच्या पुढच्या तपासणीची व उपचाराची व्यवस्था टाटासारखी संस्था पाहत होती.

आपण दाखला मुंबईच्या अभ्यासाचा घेतला आणि अंतर ठेवले पाच वर्षांचे. शिवाय प्रत्यक्षात पाच वर्षांनी दुसरी फेरी कोठे होते? माझ्या कार्यक्षेत्रात एकदा शिबिर झाले, त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत तेथे पुन्हा झाले नाही. म्हणजे उस्मानाबादमध्ये ज्या पद्धतीचा फायदा दिसला नाही, नेमकी तीच पद्धत आपण गावोगाव चालवत आहोत. हे ज्ञान मिळवण्यासाठी ज्या बायकांना तपासणीविना नेहमीच्या सेवेवर ठेवले गेले, त्यांतल्या कित्येक या आजाराने गेल्या आणि त्यांचे मृत्यू मोजले गेले. त्या आपल्याच राज्यातल्या बायका होत्या. त्यांच्या मरणातून जे कळले ते त्यांच्याच राज्यात तरी अमलात यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवी सेविकांना ठाऊक असते, पण धोरणाच्या कागदात ती क्वचित दिसते. पाळी गेल्यानंतर पिशवीच्या तोंडाचा जो भाग या रोगाचे मूळ ठिकाण असतो, तो आत सरकतो आणि डोळ्यांना दिसेनासा होतो. त्यामुळे पन्नाशीनंतरच्या बाईत व्हीआयए भरवशाची राहत नाही. आपले धोरण मात्र ६५ वर्षांपर्यंत तीच चाचणी सांगते. कोकणात गावी राहणाऱ्या बायकांत प्रौढ आणि वृद्ध बायकांचे प्रमाण मोठे आहे. कर्ता पुरुष आणि तरुण जोडपी मुंबईला, आणि घर, शेत, गुरे सांभाळायला सासूबाई गावी, ही आपली जुनी रीत आहे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, त्यामागचे मोठे कारण हेच. या बायकांना "तपासले, काही नाही" असे सांगून घरी पाठवणे म्हणजे त्यांना खोटा धीर देणे आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत राज्य सरकारने एचपीव्ही चाचणी हीच मुख्य तपासणी करावी, आणि तिचा नमुना स्वतः घेण्याची मुभा बाईला द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच चाचणी प्रथम पसंतीची ठरवली आहे आणि स्वतः घेतलेला नमुनाही ग्राह्य धरला आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून तपासणीस पात्र असलेल्या सर्व स्त्रियांना हा पर्याय खुला केला. कोविडच्या साथीत नाकात घालायची काडी प्रत्येकाने पाहिली आहे. तशीच एक मऊ काडी किंवा लहान ब्रश बाईने न्हाणीघरात जाऊन स्वतः वापरायचा आणि नळीत घालून आशाताईकडे द्यायचा. टेबल नको, स्पेक्युलम नको, कोणासमोर अंग उघडे करायला नको. पाळी गेलेल्या बाईलाही ही चाचणी चालते. निकाल निर्दोष आला तर तिला पुढची पाच ते दहा वर्षे पुन्हा बोलवावे लागत नाही, त्यामुळे एका चाचणीचा खर्च जास्त असला तरी एका बाईमागचा एकूण हिशेब वेगळा दिसू लागतो.

यंत्रे कोठून आणायची, असे विचारले जाईल. कोविडच्या काळात दोन्ही जिल्ह्यांत आरटीपीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि ते तंत्र या चाचणीलाही उपयोगी पडते. आमच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगाच्या तपासणीसाठी सरकारी यंत्रणेत रुळली आहेत, आणि त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची देशी चाचणीही तयार आहे. प्रश्न चाचणीच्या साहित्याचा, निधीचा आणि आदेशाचा आहे.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू आहे. ज्या गावांत निम्म्या घरांतले नवरे मुंबईला असतात आणि शिमग्याला, गणपतीला घरी येतात, तेथे "तुला विषाणू सापडला" हे शब्द कसे ऐकले जातील, याचा विचार चाचणी सुरू करण्याआधी व्हायला हवा. बाईवर संशय येईल, किंवा ती नवऱ्यावर घेईल. दोन्ही ठिकाणी खरी गोष्ट हरवेल. ती अशी की, लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो, तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो, तो कोणाकडून आणि कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, आणि विषाणू सापडणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. हे चार मुद्दे आशाताईला आणि सेविकेला मालवणीत, घरच्या शब्दांत बोलता यावेत, यासाठी प्रशिक्षण हवे. पत्रकात "लैंगिक संक्रमण" असे ठळक छापून घरोघर वाटले, तर पुढच्या शिबिराला कोणी येणार नाही.

दुसरी मागणी पाठपुराव्याची आहे, आणि ती लिहिताना मला स्वतःच्या नोंदवहीची आठवण होते. आमच्या शिबिरात ज्यांना डाग दिसला त्यांच्या नावापुढे मी "रिफर" असे लिहिले, त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, आणि माझा अहवाल पूर्ण झाला. अहवालात रकाना होता तो तपासलेल्या स्त्रियांचा आणि संदर्भित केलेल्या स्त्रियांचा. त्या पोहोचल्या का, हा रकानाच नव्हता. काही महिन्यांनी मी चौकशी केली तेव्हा कळले की बऱ्याच जणी गेल्याच नव्हत्या. एकीच्या घरी भातलावणी होती, एकीला एसटीच्या दोन गाड्या बदलून एकटीने जायचे धाडस झाले नाही, एक गेली तर त्या दिवशी डॉक्टर नव्हते आणि ती पुन्हा गेली नाही. त्यांतली मासे विकणारी एक बाई दोन वर्षांनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, माका परत पाळी इली." पाळी जाऊन तिला सहा वर्षे झाली होती, म्हणजे ते पाळीचे रक्त नव्हते. तिला मुंबईला परळला नेले, पण आजार पुढे गेला होता. तिच्या नावापुढचा "रिफर" हा शब्द माझ्या अक्षरातला होता, आणि तो लिहून मी थांबायला नको होते.

ही चूक एका सेविकेची समजून सोडून देता येणार नाही, कारण जे मोजले जाते तेच यंत्रणेकडून केले जाते. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी दर तीन महिन्यांनी तालुकावार तीन आकडे जाहीर करावेत. किती स्त्रिया तपासल्या, कितींना पुढील उपचारांची गरज निघाली आणि त्यांतल्या कितींचे उपचार पूर्ण झाले. आढावा बैठकीत पहिल्या आकड्यावर नव्हे, तिसऱ्यावर प्रश्न विचारले जावेत. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी केलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींत विषाणू सापडला होता. म्हणजे हजार जणींची चाचणी केली तर शंभरेक जणींना पुढे बोलवावे लागेल, आणि त्यांना बोलवायची जागा आधी तयार नसेल तर चाचणीच सुरू करू नये.

ती जागा तालुक्यातच असू शकते. थर्मल अ‍ॅब्लेशन नावाचे, हातात मावणारे आणि बॅटरीवर चालणारे उपकरण मिळते. बदललेल्या पेशी त्याने थोड्याच वेळात उष्णता देऊन नष्ट करता येतात, भूल द्यावी लागत नाही आणि पेशी गोठवण्याच्या जुन्या उपचारासारखी गॅसची नळकांडी वाहून आणावी लागत नाहीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार, एक प्रशिक्षित स्त्री डॉक्टर आणि हे उपकरण एवढे असले, तर बहुतेक बायका सकाळच्या एसटीने जाऊन दुपारच्या एसटीने घरी येतील. ज्यांना या उपकरणाने उपचार करण्यासारखी स्थिती नसेल त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि ज्यांना कर्करोगच निघेल त्यांना मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस सरकारने द्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार मोफत मिळतात, पण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च या योजनेत बसत नाही. ज्या काजू कारखान्यांत बायका रोजावर काम करतात, त्यांनी तपासणीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्यावी, असा आदेश जिल्हा प्रशासनाला काढता येईल का, हेही पाहावे.

"पिशवी काढून टाका म्हणजे प्रश्न मिटला" असा सल्ला काही खासगी ठिकाणी सर्रास दिला जातो. पांढरे पाणी जाते म्हणून पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीचीही आधी तपासणी झालेली नव्हती. सरकारी तपासणी जवळ आणि विश्वासाची असेल, तर ही लूटही कमी होईल.

शेवटी शिबिरांच्या तारखांविषयी. वरून लक्ष्य आले की मार्चअखेर शिबिरे लावली जातात. मार्च ते मे हा आमच्याकडे आंबा-काजूचा हंगाम असतो, आणि बायका पहाटेपासून बागेत किंवा पेट्या भरायला असतात. जून-जुलैत शेतकरी घरातली बाई लावणीला चिखलात असते. नेमक्या त्याच दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असल्याने किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या बायकांना वर्षभरात कधी नव्हे ती उसंत मिळते. शेतकरी बायकांना ती भातकापणी उरकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत मिळते. देवगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांच्या वस्त्यांत मासेमारीबंदीच्या काळात आणि आतल्या वाड्यांत थंडीत नमुने गोळा केले, तर तेवढ्याने गर्दी दुप्पट होईल, हे मी अनुभवाने सांगते.

येत्या बंदीच्या काळात एखाद्या बंदराच्या गावी असा प्रयोग करण्याची आरोग्य विभागाची तयारी असेल, तर बायकांना समजावण्यासाठी आणि नंतर त्यांच्यासोबत रुग्णालयात जाण्यासाठी मी व माझ्या तीन निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. आमच्याकडे त्या वस्त्यांतल्या घरांची माहिती आहे आणि बायका आम्हाला नावाने ओळखतात.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग